इंग्रजी ‘टाइम’ फ्रेंचमध्ये सारखा चुकतोय? लक्षणं, तपासण्या आणि दुरुस्ती

फ्रेंच शिकवताना वह्यांमध्ये माझा लाल पेन सगळ्यात जास्त ज्या शब्दावर फिरतो, तो शब्द म्हणजे ‘ताँ’. शब्द मुळात बरोबर असतो, बसवलेला भलत्या जागी असतो. डोक्यातल्या इंग्रजी वाक्यात ‘टाइम’ आला की हात आपोआप ‘ताँ’ लिहून मोकळा होतो. पुस्तकाच्या मागच्या शब्दसूचीत तसं छापलेलंही असतं, त्यामुळे विद्यार्थ्याला शंकाही येत नाही. दुरुस्त करून दिलं तरी पुढच्या आठवड्यात तीच चूक नव्या वाक्यात हजर.

ही पोस्ट ए१ ते बी१ (नवशिके ते मध्यम) पातळीवरच्या, मराठी बोलणाऱ्या आणि इंग्रजी माध्यमातून फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी आहे. फ्रेंच उच्चार देवनागरीत अंदाजाने दिलेत, स्पेलिंग शब्दकोशात पाहून घ्या.

लक्षणं

खालचं काही तुमच्या बोलण्यात किंवा वहीत दिसतंय का ते आधी बघा.

• किती वाजले हे विचारायला तुम्ही ‘केल ताँ’ने सुरुवात करता आणि समोरचा पाऊस आहे की ऊन ते सांगायला लागतो. ‘केल ताँ फे-तिल?’ म्हणजे हवा कशी आहे. वाजले किती हे विचारायचं तर ‘केल अर ए-तिल?’

• ‘दिवसातून तीन वेळा’साठी ‘त्र्वा ताँ पार झूर’ लिहिता. हवं असतं ‘त्र्वा फ्वा पार झूर’.

• पुढच्या वेळी, शेवटच्या वेळी, या वेळी, सगळीकडे ‘ताँ’. फ्रेंचमध्ये हे तिन्ही ‘फ्वा’चे: ला प्रोशेन फ्वा, ला देर्निएर फ्वा, सेत फ्वा.

• सहलीहून आल्यावर मजा आली हे सांगायला ‘झे यु अं बों ताँ’. इंग्रजीचा छापच उमटलेला. फ्रेंच माणूस असं म्हणत नाही.

• गाडी वेळेवर आली हे सांगताना ‘स्युर ल ताँ’, कारण इंग्रजीत ‘ऑन’ असतं.

• ‘खूप वेळ’साठी ‘अं लों ताँ’ असे दोन सुटे शब्द, त्याच्या आधी ‘पूर’.

• आणि एक उलटं लक्षण. तुम्हाला ‘फ्वा’ शिकवला गेलाय, तो आवडलाय, आणि आता ‘मला वेळ नाही’ हेसुद्धा ‘झ ने पा द फ्वा’ होतंय. ऐकणाऱ्याला यातून ‘माझी श्रद्धा नाही’ किंवा ‘मला यकृत नाही’ असं काहीतरी ऐकू येऊ शकतं. का, ते खाली सहाव्या तपासणीत.

शेवटचं लक्षण असेल तर घाबरू नका. सगळीकडे एकच शब्द वापरणारा विद्यार्थी जेव्हा दोन शब्दांत गोंधळायला लागतो, तेव्हा दुरुस्ती सुरू झालेली असते.

बिघाड नेमका कुठे असतो

फ्रेंचमध्ये नसतो. इंग्रजीने घड्याळातली वेळ, लागणारा वेळ, खेप, जमाना, मुदत आणि मजासुद्धा एकाच शब्दात कोंबली आहे. फ्रेंचने ती वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवली. आणि मराठीनेही वाटूनच ठेवली आहे! म्हणजे मराठी माणूस आधी आपल्याकडचे चार-पाच वेगळे शब्द इंग्रजीच्या एका शब्दात ओततो आणि मग त्या एका शब्दातून फ्रेंचचे चार-पाच शब्द वेगळे काढायला बसतो. मधला टप्पा काढून टाकला की निम्म्याहून जास्त चुका जागच्या जागी थांबतात. खालच्या पहिल्या तिन्ही तपासण्या त्यासाठीच आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत, शब्दकोशही लागत नाही.

तपासणी १: वाक्य आधी मराठीत म्हणा, आणि ‘वेळ’चं लिंग बघा

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कामाची तपासणी हीच. इंग्रजी वाक्य बाजूला ठेवा. तीच गोष्ट घरी आईला सांगितली असती तर कशी सांगितली असती? ते वाक्य म्हणा, मोठ्याने.

आता ऐका. ‘किती वाजले’, ‘पाच वाजता’ असं आलं तर ‘अर’. ‘तीनदा’, ‘पहिल्यांदा’, ‘दोन खेपा’ असं आलं तर ‘फ्वा’. ‘त्या काळी’, ‘पूर्वी’ आलं तर बहुतेक ‘आ लेपॉक’. आणि ‘वेळ’ आला तर एक पाऊल पुढे जायचं: तो वेळ की ती वेळ?

मराठीत ‘वेळ’ दोन्ही लिंगांत चालतो आणि अर्थ बदलतो, हे आपण रोज वापरतो पण कुणी मुद्दाम शिकवत नाही. ‘यायला वेळ लागला’, ‘माझा वेळ फुकट गेला’, ‘तुला वेळ मिळाला तर’ हा पुल्लिंगी वेळ म्हणजे कालावधी. तो लागतो, जातो, मिळतो, वाचतो. ‘जेवायची वेळ झाली’, ‘शाळेची वेळ बदलली’, ‘डॉक्टरांची वेळ घेतली’ ही स्त्रीलिंगी वेळ म्हणजे घड्याळातला ठरलेला ठिपका. ‘वेळ झाला’ आणि ‘वेळ झाली’ यात उशीर होणं आणि निघायची घटका येणं इतका फरक आहे.

फ्रेंचमध्ये कालावधीसाठी ‘ल ताँ’, पुल्लिंगी. घड्याळासाठी ‘अर’, स्त्रीलिंगी. लिंगंसुद्धा जुळली. हा निव्वळ योगायोग आहे, पण फुकट मिळालेली आठवणीची खूण आहे आणि मी ती वर्गात बिनदिक्कत वापरते. वेळ लागला: ताँ. वेळ झाली: अर. झोपायची वेळ म्हणजे ‘लर द्यु कुशे’, जेवणाच्या वेळा म्हणजे ‘ले-झर दे रपा’. वेळ घालवणं ‘पासे द्यु ताँ’, वाया घालवणं ‘पेर्द्र द्यु ताँ’, वाचवणं ‘गान्ये द्यु ताँ’. ‘माझी वेळ भरली’ या अर्थी फ्रेंचही ‘मोन अर ए वन्यु’ म्हणतो.

लिंग चटकन ऐकू येत नसेल (‘मला वेळ नाही’ यात ते लपलेलं आहे) तर आधी ‘माझा’ किंवा ‘माझी’ लावून बघा. माझा वेळ नाही तर माझी वेळ? इथे ‘माझा’च बसतं, म्हणून ‘झ ने पा ल ताँ’.

‘अर’ लक्षात राहत नसेल तर पंचांगातला ‘होरा’ आठवा, ज्याच्यावरून वारांचा क्रम लागतो तो. ‘अहोरात्र’चं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाला अशी जुनी व्युत्पत्ती सांगितली जाते, पण अभ्यासक तो ग्रीकमधून आपल्याकडे आलेला शब्द मानतात. फ्रेंच ‘अर’ लॅटिनमार्गे त्याच ग्रीक शब्दापासून आला. स्पेलिंगच्या सुरुवातीचा एच अजून तिथे बसलाय, फक्त बोलत नाही. आणि ‘अर’ म्हणजे घड्याळातली वेळ तसा तासही, जसा आपल्या होऱ्याचाही अर्थ.

ही तपासणी महत्त्वाची का? कारण बाकीच्या सगळ्या तपासण्या तुम्ही कुठला अर्थ घेऊन निघालात यावर उभ्या आहेत. अर्थच चुकला तर पुढचं व्याकरण कितीही शुद्ध असलं तरी उपयोग नाही.

तपासणी २: मोजता येतंय का?

‘फ्वा’चं एकच काम: मोजणं. त्याच्याआधी आकडा, क्रम, ‘प्रत्येक’, ‘ही’, ‘किती’ असं काहीतरी असतं. युन फ्वा, द फ्वा, शाक फ्वा, सेत फ्वा, कोंबियँ द फ्वा. पाढेसुद्धा यातच: तीन चोक बारा म्हणजे ‘त्र्वा फ्वा कात्र फों दूझ’. चौपट मोठं म्हणजे ‘कात्र फ्वा प्ल्यु ग्राँ’. गोष्टीची सुरुवातही: आपल्या ‘आटपाट नगर होतं’च्या जागी तिकडे ‘इल एते-त्युन फ्वा’.

म्हणून प्रश्न विचारा: इथे ‘-दा’ लावता येईल का? एकदा, दोनदा, कितीदा? लागत असेल तर फ्वा. ‘किती वेळ लागला’ला लावून बघा. ‘कितीदा लागला’ म्हटलं की अर्थच बदलतो. म्हणून ते ‘कोंबियँ द ताँ’.

इथे एक मराठी खड्डा आहे. ‘वेळा’ हे अनेकवचन दोन्हीकडे दिसतं. ‘औषधाच्या वेळा’ आणि ‘औषध तीन वेळा’. पहिलं अर, दुसरं फ्वा. ‘-दा’ची कसोटी इथेही चालते: ‘औषध तीनदा’ म्हणता येतं, ‘औषधाच्या दा’ म्हणता येत नाही.

(‘युन फ्वा’बद्दल एक अवांतर. बेल्जियन माणसाची नक्कल करताना फ्रान्समधले लोक वाक्याच्या शेवटी उगाच ‘युन फ्वा’ चिकटवतात. ते फ्लेमिशच्या, म्हणजे बेल्जियममधल्या डचच्या, वळणाने आलंय. आज्ञेची धार कमी करणारा तो ‘एकदा’, आपल्या ‘ये बघू एकदा इकडे’सारखा. परीक्षेत वापरू नका, ऐकू आला तर मोजायला जाऊ नका.)

तपासणी ३: शेवटचा प्रत्यय बघा

मराठीतलं ‘-वर’, ‘-त’, ‘-ने’ इथे कामाला येतं, आणि आश्चर्य वाटेल इतकं काटेकोर येतं.

वेळेवर म्हणजे ‘आ लर’. गाडी ९:१४ला सुटायची होती आणि ९:१४ला सुटली. वेळेत म्हणजे ‘आ ताँ’. गाडी चुकण्याआधी पोहोचलो, अर्ज मुदत संपण्याआधी पडला, उशीर व्हायच्या आत काम झालं. वेळेवर नसलेला माणूसही वेळेत असू शकतो: बैठकीला दहा मिनिटं उशिरा आला पण मतदानाच्या आत आला, तो ‘आ लर’ नव्हता, ‘आ ताँ’ होता. इंग्रजीत हा फरक ‘ऑन’ आणि ‘इन’ या बारक्या शब्दांवर टेकलेला असतो आणि विद्यार्थी ते शब्द जसेच्या तसे उचलून आणतात. दोन्ही ठिकाणी फ्रेंच ‘आ’च वापरतो, बदलतो तो नामशब्द.

तसंच ‘तासाभरात’ आणि ‘तासाभराने’. तासाभरात करतो, म्हणजे काम करायला एक तास पुरतो: ‘आँ-न्युन अर’. तासाभराने करतो, म्हणजे आत्ता नाही, तास उलटल्यावर: ‘दाँ-झ्युन अर’. इंग्रजीत दोन्ही ‘इन’. कुणी फोनवर ‘दाँ-झ्युन अर’ म्हणालं आणि तुम्ही तासाभरात येईल असं समजलात, तर दारात उभं राहून वाट बघण्याची पाळी तुमची.

‘तु-ता-लर’ही इथेच उरकून टाकू. आपल्या ‘आत्ता’सारखा तो दोन्हीकडे चालतो, ‘आत्ता गेला’ आणि ‘आत्ता येतो’. मागचं की पुढचं ते क्रियापदावरून कळतं. निरोप घेताना ‘आ तु-ता-लर’ म्हणजे थोड्या वेळात, आजच, परत भेटणार आहोत. उद्या भेटणाऱ्याला म्हणू नका.

तपासणी ४: जिथे मराठीही फसवते

आतापर्यंत मराठीची बाजू घेतली, आता तिचे दोष. काही जागी मराठी इंग्रजीइतकीच मोघम आहे आणि तिथे पर्यायी शब्द टाकून बघावा लागतो.

‘या वेळी’. याच्या जागी ‘या खेपेला’ बसतं का? ‘या वेळी पास होणारच’, बसतं, म्हणून ‘सेत फ्वा’. ‘इतक्या रात्री’ बसतं का? ‘या वेळी कोण आलं दार वाजवायला’, इथे ‘आ सेत अर-सी’. ‘सध्या’ बसतं का? मग ‘आँ स मोमाँ’.

‘त्या वेळी’. नेमका क्षण असेल, ‘तेवढ्यात’ म्हणता येत असेल, तर ‘आ स मोमाँ-ला’: त्या वेळी फोन वाजला. ‘त्या दिवसांत’ म्हणता येत असेल तर ‘आ लेपॉक’: त्या वेळी आम्ही नागपूरला राहायचो. याची किंमत फक्त एका शब्दापुरती नसते. पहिल्याच्या मागे साधारणपणे पासे कोंपोझे (घडून गेलेल्या घटनेचा भूतकाळ) येतो, दुसऱ्याच्या मागे आँपार्फे (चालू असलेल्या किंवा सवयीच्या गोष्टीचा भूतकाळ). ‘वाजला’ आणि ‘राहायचो’, मराठीतही क्रियापद बदललंच की.

‘आमच्या वेळी’. इथे ना अर ना फ्वा. म्हाताऱ्या माणसांचं हे लाडकं वाक्य फ्रेंच आजोबाही त्याच सुरात म्हणतात: ‘द मों ताँ’. आजीच्या काळी म्हणजे ‘द्यु ताँ द मा ग्राँ-मेर’. मराठी ‘काळ’ आणि फ्रेंच ‘ताँ’ यांची इथे छान जोडी जमते. व्याकरणातला काळही फ्रेंचमध्ये ‘ताँ’च.

‘वेळ आली’. स्त्रीलिंगी आहे, म्हणून अर? नेहमी नाही. घड्याळाप्रमाणे निघायची वेळ झाली तर ‘से लर द पार्तीर’. पण ‘आता काहीतरी करायची वेळ आली आहे’ म्हणजे पुरेसा उशीर झालाय, असा सूर असेल तर ‘इल ए ताँ’. पहिली तपासणी इथे चुकते, तेवढं लक्षात ठेवा.

आणि ‘पहिल्यांदा जेव्हा’. ‘पहिल्यांदा जेव्हा त्याला पाहिलं’ याचं आपले विद्यार्थी ‘ला प्रमिएर फ्वा काँ’ करतात. तो ‘काँ’ आपल्या ‘जेव्हा’तून येतो, त्याला इंग्रजी एकटी जबाबदार नाही. हवं ‘ला प्रमिएर फ्वा क’. प्रत्येक वेळी जेव्हा, ‘शाक फ्वा क’. तिथेही ‘काँ’ नको.

तपासणी ५: मुळात ‘टाइम’ भाषांतर करायचाच आहे का?

इथून पुढे थोडी मेहनत आहे, कारण एकेक वाक्य वेगळं शिकावं लागतं. मजा आली, यात मराठीत वेळ कुठे आहे? फ्रेंचमध्येही त्याला स्वतंत्र क्रियापद आहे, ‘साम्युझे’. फार तर ‘पासे अं बों मोमाँ’. किती दिवसांनी भेटलास: ‘सा फे लोंताँ’. सुट्टी घेतली: ‘काँझे’. मी पोहोचेपर्यंत गाडी गेली होती: ‘ल ताँ क झारीव, ल त्रँ एते पार्ती’. हे शेवटचं जरा वरच्या वर्गाचं आहे, ‘ल ताँ क’नंतर सब्जोंक्तीफ हे क्रियापदाचं वेगळं रूप लागतं. ए२वाल्यांनी साध्या ‘काँ’वर भागवावं.

वेळापत्रकाचं बघा. शाळेचं ‘आँप्ल्वा द्यु ताँ’, रेल्वेचं ‘ओरेर’. अर्ध्या वेळेची नोकरी ‘आ मी-ताँ’, फुटबॉलचा मध्यंतर ‘ला मी-ताँ’.

मुदत म्हणजे ‘देले’. हा शब्द इंग्रजी ‘डिले’सारखा दिसतो आणि त्याच्याशी अर्थाने जुळत नाही. ‘देले द लिव्हरेझों’ म्हणजे माल यायला लागणारा अवधी, उशीर नव्हे. उशिराला ‘रतार’.

शब्दकोश इथे लागतो, पण तो कसा बघायचा हेही महत्त्वाचं. सुटा ‘टाइम’ शोधू नका. अख्खा वाक्प्रचार शोधा. लारूस किंवा ल रोबेर उघडून ‘फ्वा’, ‘अर’, ‘ताँ’ या फ्रेंच नोंदीखालची उदाहरणं वाचा. इंग्रजीकडून फ्रेंचकडे जाणारी नोंद पर्यायांची यादी देते. कुठला पर्याय कधी, ते फ्रेंचच्या आतल्या नोंदीतूनच कळतं. भाषांतराच्या अ‍ॅपलाही एकटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका आणि आलेलं उत्तर उलट फिरवून मराठीत काय होतं ते बघा.

तपासणी ६: लिहिणं आणि ऐकणं वेगळं तपासा

बोलताना बरोबर, लिहिताना चूक, असेही विद्यार्थी असतात. ‘ताँ’च्या स्पेलिंगमधले शेवटचे पी आणि एस गप्प असतात, आणि तो एस अनेकवचनाचा नाही. ‘फ्वा’च्या शेवटी एकवचनातही एस असतो. एस काढला की ‘श्रद्धा’, एसच्या जागी ई लावला की ‘यकृत’. तिन्ही कानाला एकच. ‘ताँ’चाही एक जुळा आहे, ‘इतकं’ या अर्थाचा. खूप वेळ म्हणजे ‘लोंताँ’, एक शब्द, आधी आर्टिकल नाही. ‘दप्वी लोंताँ’ला वर्तमानकाळ लावायचा: मी इथे बऱ्याच वर्षांपासून राहतो, ‘झाबीत इसी दप्वी लोंताँ’. मराठीतही वर्तमानकाळच आहे. इंग्रजीतून गेलात तर मात्र भूतकाळात जाऊन अडकाल.

कानासाठी एकच उपाय मला लागू पडलेला दिसतो: आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र. आधी न बघता ऐका, ताँ, फ्वा, अर ऐकू आला की कागदावर टिपा. मग लिखित मजकूर घेऊन प्रत्येक ठिकाणी समासात मराठी लिहा: ‘लागला’, ‘-दा’, ‘वाजता’, ‘काळी’. कंटाळवाणं आहे. काही आठवडे लागतात. पण याने जे बसतं ते परीक्षेच्या घाईतही सुटत नाही, कारण तेव्हा नियम आठवायला वेळ (पुल्लिंगी) नसतो.

मॉरिशसला नातेवाईक असणाऱ्यांना अजून एक सोय आहे. तिथल्या क्रियोलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या बोलीत, ‘लेर’ आणि ‘लेताँ’ असे शब्द फ्रेंच आर्टिकल पोटात घेऊन तयार झालेत. किती वाजले हे तिकडे ‘कि लेर ला?’ असं विचारतात. तिकडच्या मराठी घरांतल्या माणसाला ‘केल ताँ’ची चूक सांगावी लागत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

वरचं सगळं स्वतः करता येतं. काही ठिकाणी मात्र स्वतः करू नये.

पहिलं, औषध. फ्रान्स किंवा कॅनडातल्या क्विबेकमध्ये राहत असाल आणि चिठ्ठीवर ‘तूत ले युइत अर’ लिहिलं असेल तर ते दर आठ तासांनी. ‘आ युइत अर’ म्हणजे आठ वाजता. ‘पाँदाँ युइत अर’ म्हणजे आठ तास चालू. ‘युइ फ्वा’ म्हणजे आठदा. चार वाक्यं, आकडा एकच. शंका आली तर फार्मसीतल्या माणसाला विचारा आणि त्यांच्याकडून डब्यावर आकड्यांत वेळा लिहून घ्या. फ्रेंच किती येतं हे दाखवायची ही जागा नव्हे.

दुसरं, करारनामे आणि सरकारी कागद. नोकरीच्या करारातला ‘ताँ पार्सिएल’, घरभाड्याच्या कागदातला ‘देले’ यांना कायद्याचं वजन असतं. फ्रान्समध्ये ऑनलाइन खरेदी रद्द करायला साधारणपणे १४ दिवसांचा ‘देले’ मिळतो. हा शब्द ‘उशीर’ असा वाचणाऱ्याचे ते दिवस हातचे जातात. व्हिसा किंवा कोर्टासाठी भाषांतर मागितलं असेल तर फ्रान्समध्ये साधारणपणे अपील न्यायालयाच्या यादीवरचा शपथबद्ध अनुवादक लागतो. तुमचं भाषांतर बिनचूक असलं तरी ते स्वीकारलं जाणार नाही, तेव्हा त्यात रविवार घालवू नका.

तिसरं, परीक्षा. कॅनडासाठी टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा देणारे, किंवा डेल्फ बी२ला बसणारे: वरच्या तपासण्या नीट केल्यावरही काही आठवड्यांनी वेळ लावून लिहिलेल्या निबंधात तीच चूक येत असेल, तर आणखी याद्या पाठ करू नका. तुमची अडचण शब्दाची राहिलेली नाही, तुम्ही अजून इंग्रजीत वाक्य तयार करताय, आणि ते स्वतःचं स्वतःला दिसत नाही. शिक्षकाकडे जा. जाताना सुट्या शब्दांचे प्रश्न नेऊ नका, तुमचे तीन-चार न सुधारलेले निबंध जसेच्या तसे न्या आणि जमलं तर प्रत्येक चुकलेल्या वाक्याखाली ते मनात कुठल्या भाषेत आलं होतं ते लिहून ठेवा. तेवढ्यावरून शिक्षकाला पहिल्याच तासात बिघाड सापडतो, आणि तुमची फी वाचते.